बाळाच्या काखेत गाठ, एमआरआय करू का?

राजारामपुरीतनं लिहितोय. पोरगं ९ महिन्यांचं, काखेत लिंबाएवढी मऊ गाठ, दुखत नाही पण दोन महिन्यांत वाढलीय, सोनोग्राफीत चरबीची वाटते म्हणाले नि आता एमआरआय सांगितलाय. आई म्हणते लेप लाव.

– लेप नको भावा! लायपोब्लास्टोमा, म्हणजे कोवळ्या चरबीच्या पेशींची गाठ, असू शकतो, बहुतेक ३ वर्षांच्या आतल्या पोरांना होतो, कॅन्सर नव्हे, पण नक्की काय ते गाठ पॅथॉलॉजीत तपासल्यावरच कळतं, कधी पीएलएजी१ जीनची (या गाठीत बहुतेक वेळा बदललेला असतो तो) टेस्टपण लागते. पूर्ण काढली नाही तर परत येऊ शकते.

– आमच्या पुतणीची गाठ फायब्रस हॅमार्टोमा (लहान बाळांची, कॅन्सर नसलेली गाठ) निघाली, तीपण काखेतच. त्यात चरबी, तंतू, कोवळ्या पेशी, मिसळीसारखं सगळं एकत्र.

– एमआरआयला भूल देतात का ओ ताई?

– हो, बाळ हलू नये म्हणून. उपाशी किती तास ठेवायचं ते आधी विचारून घ्या.