अमेरिकेतली लाल रेघ: आजच्या विषमतेला किती जबाबदार? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सातबारा
'वंशभेदाचे कायदे जाऊन ५० वर्षं उलटली, आता रडगाणं कशाला?' असं अमेरिकेबद्दल बोलताना बरेच जण म्हणतात. त्यांनी घरांची कागदपत्रं बघावीत. फेडरल रिझर्व्हच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या) २०२२च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पगारातली तफावत एवढी मोठी नाही.

१९३०च्या आधी घरकर्ज म्हणजे साधारण निम्मी रक्कम रोख, उरलेल्यावर ३ ते ५ वर्षं बहुधा नुसतं व्याज आणि शेवटी मुद्दल एकदम. मंदीत हे सगळं कोसळलं. १९३३ साली बुडीत कर्जं सोडवायला एचओएलसी (होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन) ही सरकारी संस्था आली, १९३४ साली एफएचए (फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन). एफएचए स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे. विमा असला की बँक घराच्या किमतीच्या ८०, पुढे ९० टक्क्यांपर्यंत कर्ज २०-२५ वर्षांच्या हप्त्यांवर देई. हा विमा कृष्णवर्णीय वस्तीत जवळपास मिळतच नसे. एचओएलसीने २०० हून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल; हिरवा म्हणजे कर्जाला सर्वांत सुरक्षित, लाल म्हणजे सर्वांत धोक्याचा. कृष्णवर्णीय वस्ती बहुतेक ठिकाणी लाल. रेडलायनिंग ते हेच.

तिरकस
नकाशांचं कौतुक आता पुरे. एचओएलसीने सुमारे १० लाख कर्जं दिली, त्यातली बहुतेक नकाशे तयार होण्याआधीच. पुढे ज्या भागांना लाल रंग लागला तिथेही दिली. लाल भागांतले बहुसंख्य रहिवासी गोरे होते, हेही अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. पडकी घरं, कारखान्यांचा धूर, कमी मिळकत हे सगळं आधीपासून होतं. आज तोच भाग गरीब दिसतो म्हणून दोष रंगपेटीला देणं म्हणजे सहसंबंधाला कारण समजणं. थर्मामीटर लावल्यावर ताप दिसला, म्हणून ताप थर्मामीटरने आणला म्हणायचं का?

उत्तरायण
तिरकस, नकाशांबद्दलचा मुद्दा मान्य. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष चुकतो. लाल भागांत गोरे बहुसंख्य होते हे खरं, आणि त्या शहरांतली जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय घरं लाल भागांतच होती हेही तितकंच खरं. गोऱ्या कुटुंबाला तिथून हलता येत होतं, यांना नाही. असली अडवणूक एफएचए करत होतं आणि ती छापील होती. त्यांच्या मूल्यांकन-पुस्तिकेत 'विसंगत वंशगटां'पासून संरक्षण हा गुणांकनाचा भाग होता. नैसर्गिक किंवा कृत्रिम अडथळा असेल तर ती जमेची बाजू.

हे किती शब्दशः घेतलं गेलं ते डेट्रॉइटमध्ये दिसतं. एट माइल रोडजवळ एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीशेजारी नवी वसाहत बांधायची होती. एफएचए पाठबळ देईना. १९४१ साली त्याने मध्ये ६ फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि मंजुरी मिळाली. भिंत अजून उभी आहे, काही भागावर चित्रं रंगवलीत.

सातबारा
खरेदीखतातल्या अटी राहिल्याच. 'हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू वा भाड्याने देऊ नये', असं कलम कागदातच असे. काही ठिकाणी ज्यू आणि आशियाईही त्यात मोडत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये, शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात, अशी अट न्यायालयांनी अमलात आणू नये असं म्हटलं. अट लिहिणं बेकायदा ठरवलं नाही. नव्या अटी असलेल्या घरांना एफएचएचा विमा १९५०पर्यंत मिळत राहिला.

मग ज्यांना बँक दारात उभी करत नव्हती ते कुठे जात? शिकागोत 'कॉन्ट्रॅक्ट'वर घर घेत. दलाल स्वस्तात घर उचलून बऱ्याच चढ्या भावाने विकत असे. डाउन पेमेंट आणि हप्ते ग्राहकाचे, दुरुस्ती ग्राहकाची, मालकी मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत दलालाची. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. दलाल तेच घर पुढच्याला विके.

तिरकस
कॉन्ट्रॅक्टची लूट नाकारत नाहीच. पण १९६८चा, घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी घालणारा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट, १९७७चा, बँकांना गरीब वस्त्यांतही कर्ज द्यायला लावू पाहणारा कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट, हे झाल्यावरही दरी का मिटत नाही? घरमालकीतला फरक १९६०मध्ये होता त्याहून आज कमी नाही. जुनं कारण एकटं असतं तर तो हळूहळू घटायला हवा होता. आजची कारणं बघा: एकच पालक असलेली कुटुंबं, २००८च्या आधीची महागडी सबप्राइम (कमी पत असलेल्यांना दिलेली) कर्जं, आणि शाळा.

उत्तरायण
सबप्राइम कर्जं विकली कुठे गेली? ज्या वस्त्यांत नेहमीची बँक गेलीच नव्हती तिथे. आणि शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणजे घराची किंमत पडली की शाळाही खाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्ये शाळांच्या पैशातला हा फरक घटनाबाह्य नाही म्हटलं. १९७४मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात उपनगरांना गोऱ्या-कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र करण्याच्या सक्तीतून मोकळं केलं. दोन्ही निकाल ५ विरुद्ध ४. अमेरिकेतली आपली मराठी मंडळीही आधी शाळेचं रेटिंग बघून मग घर घेतात; त्या रेटिंगच्या पोटात हा इतिहास असतो.

तिरकस
बऱ्याच राज्यांनी आता शाळांच्या पैशात भर घातलीय. काही मोठ्या शहरांत दर मुलामागचा खर्च शेजारच्या उपनगरांहून जास्त आहे. शाळांचे निकाल तरीही तेच. पैशाने सुटत नाही ते पैशाने सोडवू नका.

नकाशेवाला
दोघांसाठी आणखी एक भर, उष्णतेची. १०८ शहरांच्या २०२०च्या अभ्यासात लाल भाग बाकीच्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेले निघाले. झाडं कमी, डांबर जास्त. १९५६नंतरचे महामार्ग अशाच वस्त्यांतून काढले, कारण जमीन स्वस्त आणि विरोध करणाऱ्याचं वजन कमी. डेट्रॉइटची कृष्णवर्णीय ब्लॅक बॉटम वस्ती शहराच्या पुनर्विकासात आणि अशाच महामार्गात गेली. इथे एचओएलसीचा नकाशा कारण की लक्षण, यावर मी तिरकसांच्या जवळ आहे. पण झाडं १९४०मध्ये लावली नाहीत तर २०२०मध्ये सावली नसते, एवढं तरी मान्य करा.

उपायाबद्दल: इलिनॉय राज्यातल्या एव्हनस्टन शहराने १९१९ ते १९६९ दरम्यान तिथे राहिलेल्या प्रौढ कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर द्यायचं ठरवलं. निधीची पहिली वाट गांजाविक्रीच्या करातून. सुरुवातीला रक्कम हातात न देता बँकेला किंवा ठेकेदाराला, २०२३पासून रोखही.

तिरकस
आणि २०२४मध्ये त्यावर खटला झाला, वंश बघून पैसे वाटले म्हणून. मिनियापोलिसने एका प्लॉटवर एकच घर ही सक्ती काढली, ते मला जास्त पटतं. तो नियम रंग विचारत नाही.

सातबारा
रंग न विचारणाऱ्या नियमाचा फायदा आधी त्याला होतो ज्याच्याकडे डाउन पेमेंट तयार आहे. ते कुणाकडे आहे, ते वर लिहिलंय: २,८५,००० आणि ४४,९००.