उपासाच्या ताटात जिवंत काय काय आहे?

ज्वारीचं_कणीस

बार्शी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळा नुकती सुरू झाली आहे आणि आठवीचा पहिलाच धडा चालू आहे, सजीवांचं आणि सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके असं फळ्यावर लिहिलं की मुलं खाली मान घालून उतरवून घेतात आणि वही मिटतात.

परवा दह्यातल्या जिवाणूंबद्दल सांगत होते. मागच्या बाकावरून एक जण उठला, "बाई, दह्यात एवढे जीव जिवंत आहेत, मग उपासाला दही कसं चालतं? आजीला सांगू का?" सगळा वर्ग खदाखदा हसला. लगेच दुसरा म्हणाला, "कढी केली की मरतात ना सगळे! मग कढी चालेल." त्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उसळून म्हणाली, "अरे, मग तर जास्तच पाप!" घंटा झाली तरी भांडण चालूच होतं. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आले.

हा तास मला वाया जाऊ द्यायचा नाही. आषाढी एकादशी तोंडावर आहे, घराघरात साबुदाणा भिजणार आहे. या मुलाला काय उत्तर द्यावं? आणि अशी हसत शिकण्यासारखी आणखी कुठली उदाहरणं आहेत? एकच अट आहे, उदाहरण खरं हवं. "पेशी म्हणजे कारखाना" ही गाइडातली उपमा मला नको. ती वाचून एका मुलाने उत्तरपत्रिकेत तंतुकणिकेतून (पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून) धूर बाहेर पडतो असं लिहिलं होतं. त्याचा काही दोष नाही, कारखान्यातून धूर येतोच.

कोयनाकाठ

ताई, आधी त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर शाबासकी द्या. कराडकडच्या शाळांत माझी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे. असा प्रश्न वर्गात आपणहून येणं ही मोठी गोष्ट आहे.

त्याला पडलेला प्रश्न तुमच्या धड्याचाच आहे. लिनियस या शास्त्रज्ञाने 1735 मध्ये सजीवांचे दोन गट केले, वनस्पती आणि प्राणी. तुमच्या मुलाच्या डोक्यातही तेच दोन गट आहेत. जे जिवंत आहे आणि झाड नाही, तो प्राणी. प्राणी उपासाला चालत नाही, म्हणून दही चालू नये. त्याच्या तर्कात कुठेही खोट नाही, गट कमी पडतायत. हेकेलने 1866 मध्ये प्रोटिस्टा हा तिसरा गट काढला, व्हिटाकरने 1969 मध्ये पाच सृष्टी म्हणजे पाच मोठे गट मांडले, ते अशाच अडचणींपायी. दह्यातले जिवाणू मोनेरात जातात, कारण त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं. ते झाडही नाहीत आणि प्राणीही नाहीत. पुस्तकात या नुसत्या सनावळ्या वाटतात. दह्याच्या भांडणातून आत शिरलात तर मुलं स्वतःच तिसरा गट मागतील.

उपासाला काय चालतं हा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीचा विषय आहे. त्याचा निकाल विज्ञानाच्या तासाला लावू नका, आणि आजीला तर मुळीच मध्ये ओढू नका. वर्गात एवढंच विचारायचं, या ताटात जिवंत काय काय आहे आणि कशावरून? मग एकेक जिन्नस हातात घ्यायचा.

शेंगदाण्यापासून सुरुवात करा. कच्चा, लाल सालीचा दाणा जिवंत असतो. श्वसन अगदी मंद चालू असतं, म्हणून तो मुकाट पडून असतो. दाण्याच्या टोकाला इवलंसं नाक असतं बघा, मुलं खाताना आधी तेच कुरतडतात. तो भ्रूण. त्यातच आदिमूळ आणि अंकुर असतो. बाकीच्या दोन डाळिंब्या म्हणजे बीजपत्रं, त्या भ्रूणाची शिदोरी. आपण खातो ती मुख्यतः शिदोरीच. हे सांगितलं की पुढचे काही दिवस एकही मूल दाणा न सोलता तोंडात टाकत नाही, आधी नाक शोधतं. तोच दाणा कढईत भाजला की मेला. खिचडीतलं कूट सगळं मेलेलं.

शेतकऱ्यांची मुलं असतील तर भुईमुगाच्या आऱ्या (फुलापासून निघून जमिनीत शिरणारे देठ) कधी सुटतात हे त्यांनाच सांगू द्या. फूल जमिनीच्या वर येतं आणि शेंग जमिनीखाली धरते, हे पुस्तकापेक्षा ती चांगलं सांगतील.

आता साबुदाणा. इथे वर्ग हमखास फसतो. भिजवला की फुगतो, म्हणून मुलं छातीठोकपणे सांगतात, "जिवंत आहे, वाढला ना!" साबुदाणा मुळात बीच नव्हे. कसाव्याच्या मुळातला स्टार्च काढून त्याच्या गोळ्या करतात, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला हा मोठा धंदा आहे. एका वाटीत मटकी आणि दुसऱ्या वाटीत साबुदाणा एकाच वेळी भिजत घाला. दोन्ही फुगतील. दुसऱ्या दिवशी दोन्ही फडक्यात बांधून ठेवा. मटकीला मोड येतील, साबुदाण्याचा लगदा होईल. पाणी शोषून फुगणं वेगळं आणि पेशी वाढून, विभागून मोठं होणं वेगळं. सजीवांची लक्षणं मुलं घोकतात त्यातलं "वाढ" हे लक्षण मला यापेक्षा चांगलं कशानेही शिकवता आलेलं नाही.

बटाटा जिवंत आहे, डोळ्यांतून कोंब फुटतात. रताळंही जिवंत आहे. (बटाटा खोड आणि रताळं मूळ हेही याच वेळी उरकून घ्या. डोळे शोधायला लावले की पाठ करावं लागत नाही.) केळं घडातून सुटून आठवडा झाला तरी श्वसन करत असतं. पिकणं हे जिवंत पेशींचंच काम, इथिलीन वायू ते पुढे ढकलतो. राजगिऱ्याचा कच्चा दाणा रुजतो, लाडवातल्या लाह्या रुजत नाहीत. सैंधव कधीच जिवंत नव्हतं. "मेलेलं" आणि "कधीच जिवंत नव्हतं" असे दोन वेगळे रकाने फळ्यावर आखा, त्यावरून अर्धा तास वाद होईल. कुणीतरी साखर कुठल्या रकान्यात घालायची म्हणून हटून बसेल, त्याला बसू द्या.

आणि दही. दूध फाटणं आणि दही लागणं दोन्हीकडे आम्लामुळे केसीन हे प्रथिन गोळा होतं. दह्यात ते आम्ल जिवाणू बनवतात, दुधातल्या लॅक्टोज या साखरेपासून लॅक्टिक आम्ल. लिंबू पिळलं तर आम्ल बाहेरून येतं. मग दह्यात जीव आहे हे कशावरून? दोन वाट्यांत उकळून कोमट केलेलं दूध घ्या. एकीत चमचाभर दही घाला, दुसरीत लिंबाने फाडलेल्या दुधाचा चमचाभर चोथा. दह्याचं पुन्हा दही होतं, त्या दह्याचं पुन्हा दही होतं. चोथ्याचं काही होत नाही. जीव असला की तो आपल्यासारखे आणखी जीव निर्माण करतो. तिसऱ्या वाटीत उकळत्या दुधात विरजण घाला. दही लागणार नाही, कारण जिवाणू मेले. कढीवाल्या मुलाचं उत्तर त्या तिसऱ्या वाटीत आहे.

शिरोळची

कोयनाकाठ सरांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. आमचं घर जैन. बटाटा, रताळं, कांदा, लसूण घरात येत नाही, कंदात अनंत जीव असतात असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कच्चं दही आणि डाळीचं पीठ आम्ही एकत्र खात नाही. बाई, तुमच्या वर्गातही अशी मुलं असतील. ताटातलं जिवंत काय हा प्रश्न त्यांच्या घरात रोजचा आहे, त्यांना आधी बोलू द्या. शेजारच्या काकूंच्या टोपलीत कोंब फुटलेला बटाटा पाहून माझा मुलगा ओरडला होता, "काकू, तुमचा बटाटा उठला!" काकू अजून सगळ्यांना सांगतात.

माझ्याकडून एक उदाहरण, लोणच्याचं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात तळाशी खार सुटतो. ते पाणी फोडींच्या पेशींमधलं. बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी पेशीच्या पटलातून बाहेर येतं. पुस्तकातलं परासरण ते हेच. मुलाने विचारलं, "मग मिठाने जंतूंचं पण असंच होतं का?" होतं. त्यांच्यातलंही पाणी बाहेर ओढलं जातं, त्यांची वाढ खुंटते, म्हणून लोणचं टिकतं. बरणीत ओला चमचा घातला तर आम्ही का ओरडतो, हे त्याला त्या दिवशी पटलं. तेव्हापासून तोच बहिणीवर ओरडतो.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय. माझा आवडता किस्सा देते, तुमच्या मुलांना नक्की आवडेल.

लेवेनहूकने 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून, पाण्यात मिसळून आपल्या भिंगाखाली पाहिला. त्यात जिवाणू वळवळत होते. साऱ्या नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या माणसांपेक्षा जास्त जीव आपल्या एकट्याच्या तोंडात आहेत, असं त्याने त्या पत्रात कळवलं. तो कापडाचा व्यापारी होता, विद्यापीठात शिकलेला नव्हता. दह्यावरून पाप मोजणाऱ्या मुलीला हे जरूर सांगा. ताटात दही नसलं तरी तोंडात जिवाणू असतातच, एकादशी असो की द्वादशी.

उपास सुटला की कांदा घ्या. अख्खा कांदा डोळ्यांना झोंबत नाही, चिरला की झोंबतो. कारण विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, एन्झाइम) आणि ज्यावर ते काम करतं तो गंधकयुक्त पदार्थ पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी कप्पे फोडते, दोन्ही एकत्र येतात, आणि पुढे डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. कांदा उकडून चिरला तर रडू येत नाही, उष्णतेने विकर निकामी होतं. या अश्रूंमागचं शेवटचं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिलं आणि 2013 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. 2001 मध्ये तो बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या चित्तरंजन आंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी या दोन डॉक्टरांना मिळाला. विषय होता, किशोरवयीन मुलं नाकात बोट किती घालतात. आठवीच्या वर्गात हे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, इतका हशा होतो. हशा ओसरला की विचारा, नाकात केस आणि शेंबूड कशासाठी असतात? धूळ आणि जंतू अडवायला. पुढच्याच धड्यात आरोग्य आणि रोग आहे, तिथे थेट जाता येईल.

ज्वारीचं_कणीस

किती दिलंत सगळ्यांनी! शिरोळच्या ताई, वर्गात दोन जैन मुली आहेत, ताटाची सुरुवात त्यांच्यापासूनच करते. कांदा एकादशीनंतर.

सर, दोन शंका. तास 35 मिनिटांचा, दही त्यात लागत नाही. आणि भगर कुठल्या रकान्यात टाकू? मुलं विचारणारच.

कोयनाकाठ

दही तासात लागायची गरज नाही. पहिल्या तासाला तिन्ही वाट्या भरून, नावं लिहून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. मधल्या वेळात प्रत्येकाला वहीत भाकीत लिहायला लावा, कारणासकट. कुणालाही चव घेऊ देऊ नका, फडकं सोडलं की झुंबड उडते. दूध बोटाला सोसेल इतपतच कोमट हवं.

भगर गिरणीतून साल काढून आलेली असते. तिचं उत्तर सांगूच नका, ओल्या फडक्यावर पसरू द्या आणि मुलांना पैज लावू द्या.

शेंगदाणे मात्र स्वतः निवडून घ्या. लाल साल शाबूत असलेले, नाक न तुटलेले. दाणा फुटून डाळिंब्या सुट्या झाल्या की रुजत नाही. फडकं ओलं ठेवा पण पाण्यात बुडवू नका, हवा मिळाली नाही तर दाणे कुजतात आणि मुलं म्हणतील बाई खोटं बोलल्या. शेजारी भाजलेले दाणेही ठेवा, नाहीतर कशाशी ताडून बघणार?