मदत हवी आहे: नोकरी सोडून गेलेला माणूस ऑफिसच्या ड्राइव्हमध्ये शिरला, कलम कोणतं लागेल?

धागाकर्ता
पुण्यातलं आठ जणांचं कर सल्लागाराचं ऑफिस. एक कर्मचारी ३१ मार्चला सोडून गेला. ११ एप्रिलला रात्री कॉमन आयडीने गूगल ड्राइव्हवर लॉगिन झालं आणि १४० क्लायंटच्या फायली उतरवल्या गेल्या. पासवर्ड बदलायचा राहिला होता. 'पासवर्ड चालू म्हणजे परवानगी चालू' असं तो म्हणाला तर? त्याचं खासगी जीमेल ऑफिसच्या पीसीवर अजून उघडं आहे, त्यात पुरावा शोधावा का?

कलमकसाई
जीमेलला हात लावू नका. पीसी तुमचा, पण मेलपेटी त्याची. तक्रारदारच आरोपी व्हाल.

पासवर्डचा बचाव लंगडा आहे. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ ला कुलूप तोडलेलं लागत नाही, मालकाची परवानगी नसली की पुरे. पण ४३ म्हणजे फक्त भरपाई. गुन्हा होतो तो कलम ६६ खाली, आणि तिथे 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' हे दाखवावं लागतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, पण जामीनपात्र. लगेच अटक होईल ही आशा सोडा. रिलीव्हिंग लेटरमध्ये 'आजपासून प्रवेश बंद' असं वाक्य असेल तर सोनं.

तक्रारीत चोरी-फसवणुकीची कलमं कोंबू नका. ४३ व ६६ मध्ये बसणाऱ्या कृत्याला भादंविची (तेव्हाचं भारतीय दंड विधान) तीच कलमं वेगळी लावता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय.

लॉगबुक
खरी अडचण कॉमन आयडीची. लॉगिन सिद्ध होईल, माणूस नाही. मोबाइलचा एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एका वेळी अनेकांकडे असतो, म्हणून सेकंदासकट वेळ जपा, आणि ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय तेही लिहा. साडेपाच तासांच्या घोळात भलत्याचंच नाव निघेल.

आयडी डिलीट करू नका. पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा. ॲडमिन कन्सोलमधून लॉगिन आणि ड्राइव्ह, दोन्हींचे लॉग (नोंदी) सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, उतरवा. ते सहा महिनेच राहतात. लगेच एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे फाइलचा ठसा; फाइलमध्ये जरा बदल झाला की तो बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात तो भरावा लागतो. भाग अ तुमच्याकडचा जबाबदार माणूस भरतो, भाग ब तज्ज्ञ.

कलमकसाई
तपास पोलीस निरीक्षक किंवा वरचा अधिकारीच करतो. भरपाई हवी तर ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून. तो मार्ग लोक विसरतातच.

धागाकर्ता
लॉग उतरवला. एक्सेलमध्ये उघडून वेळा भारतीय केल्या आणि सेव्ह केलं. आता हॅश काढतो.

लॉगबुक
थांबा. सेव्ह केलंत तेव्हाच फाइल बदलली. पुन्हा उतरवा, न उघडता हॅश काढा, वेळा बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा.