टेकडी वणव्यात जळाली, पावसाआधी काय करायचं?

सातपुडा_पायथा
जय खान्देश मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. एप्रिलमध्ये गावामागची टेकडी तीन दिवस जळत होती, बायामाणसं ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होती पण वाऱ्यापुढे काही चाललं नाही. साग, अंजन, सालई, धावडा सगळं काळं पडलंय, बघवत नाही. जमीन वनखात्याची, पण सामूहिक वनहक्क (जंगल राखायचा-वापरायचा कायदेशीर हक्क) गावाला मिळालाय म्हणून ग्रामसभेत विषय निघाला. पोरं म्हणताहेत जूनमध्ये हजार रोपं लावू, काही जण म्हणतात जळालेली झाडं तोडून विकू. मला दोन्ही पटत नाही पण का ते नीट सांगता येत नाही. कुणी असं काम केलंय का?

जुना_वनमजूर
भाऊ, आधी कुऱ्हाड आवरा. काळं पडलेलं झाड मेलंच असं नसतं. साल जरा खरवडून बघा, आत हिरवं-ओलं लागलं तर झाड जितं आहे. साग, पळस, धावडा, टेंभुर्णी बुंध्यातून नाहीतर मुळातून फुटतात, पाऊस पडला की महिन्याभरात दिसेल. जुन्या मुळाचा सागाचा फुटवा एका पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातो, पिशवीतलं रोप त्या उतारावर पुढचा उन्हाळा काढेल याची खात्री नाही. म्हणून यंदा फक्त बघा, कुठे फुटतंय कुठे नाही, आणि जिथे काहीच आलं नाही तिथेच पुढच्या वर्षी लावा.
खरी घाई मातीची आहे. पालापाचोळा जळाला म्हणजे जमिनीवरचं पांघरूण गेलं, आता पहिलाच जोराचा पाऊस राख आणि वरची माती घेऊन नाल्यात उतरेल. वनरक्षकाला सोबत घेऊन माथ्यापासून सुरू करा, छोट्या ओहळींवर दगडी बांध, एकाखाली एक. सगळे खालचाच मोठा बांध आधी मागतात, तो पहिल्याच वर्षी गाळाने भरतो. मेलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकून खुंट्या ठोका. समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीतले चर, उघड्या जागीच खोदा, फुटणाऱ्या बुंध्यांजवळ नको, मुळं तुटतात. चराच्या मातीच्या वरंब्यावर स्टायलो किंवा मारवेल या चाऱ्याचं बी टाका.

साक्रीकडचा
दादांचं सगळं बरोबर, पण चराईबंदी नसेल तर हे सगळं पाण्यात. शेळ्यांना कोवळा फुटवा म्हणजे मेजवानी, दोन-तीन पावसाळे तरी ढोरं आत जाऊ देऊ नका. कापून आणलेलं गवत चालेल. आमच्या तालुक्यातलं बारीपाडा बघून या, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली ते गाव. १९९० नंतरच्या काळात गावानेच कुऱ्हाडबंदी-चराईबंदी ठरवली, चर खोदले, आळीपाळीने राखण केली आणि उजाड डोंगरावर जंगल परत आलं. नियम गावाने केला म्हणून पाळला गेला, बाहेरून बोर्ड लावला असता तर कुणी विचारलं नसतं.

मोहफूल
मी धडगावची. आग कशाने लागली ते कुणी बोलतच नाहीये. आमच्याकडे मार्चमध्ये खाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात आणि तिथून आग डोंगरात जाते. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण दादा, नुसती केसची भीती दाखवून काही होत नाही हो, ज्या बाईचं घर फुलांवर चालतं तिला दुसरी सोय द्या. आम्ही पाला झाडून ढीग बाजूला करतो आणि खाली जुन्या साड्या नाहीतर जाळी पसरतो, फूल स्वच्छ मिळतं. शिवाय दरवर्षी जाळलं की मोहाची लहान रोपं जळतात, आमच्या पाड्यावर म्हातारीच झाडं उरलीयत. आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ करा, जळालेल्या जागी आता कुसळी गवत आणि घाणेरी माजेल, पुढचा वणवा तेच ओढून आणतं.

सातपुडा_पायथा
ताई, आमच्याकडेही मोहापासूनच लागली, गावात सगळ्यांना माहीत आहे पण कुणी म्हणत नव्हतं. काल सभेत मीच बोललो, नाव न घेता. लाकूड विकायचं रद्द झालं. रोपांपैकी फक्त दोनशे घेऊन शाळेजवळ आणि विहिरीकडे लावणार. शेळ्यांवरून मोठं भांडण झालं, शेवटी पूर्वेची बाजू बंद आणि पश्चिमेची यंदा खुली असं ठरलंय. रविवारी माथ्यावर पहिला बांध घालतोय, बारा जण तयार आहेत. चोपडा-यावल भागात कुणाकडे समतल रेषा आखायची ए-फ्रेम असेल तर दोन दिवसांसाठी द्या, आणायला मी येतो.