सोलापूरचा काळा दगड समुद्रतळाचा आहे का?

प्रश्न (जुळे सोलापूर): विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडात पांढरे खडे आहेत. हा जुना समुद्रतळ का?

उत्तर १: नाही. हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. खडे म्हणजे वायूच्या पोकळ्यांत नंतर साचलेलं झिओलाइट किंवा कॅल्साइट ही खनिजं. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट.

उत्तर २: समुद्रतळाचं भूकवच थरांच्या क्रमावरून ओळखा: तळाशी पेरिडोटाइट (भूकवचाखालचा जड खडक), वर गॅब्रो (खोलवर हळू थिजलेला शिलारस), मग खेटून उभ्या डाइक (भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या भिंती), त्यावर उशी-लाव्हा (पाण्यात उशांसारखा थिजलेला), माथ्यावर चर्ट (सिलिकाचा कठीण गाळखडक). जमिनीवर आलेला हा थरांचा संच म्हणजेच ओफिओलाइट, लडाखमध्ये निडर या ठिकाणचा पाहाच. एकट्या उशी-लाव्हावर विसंबू नका, तो तळ्यातही बनतो.

प्रश्नकर्ता: समुद्रतळाचं जड भूकवच जमिनीवर येतं कसं?

उत्तर २: बहुतेक पृथ्वीच्या पोटातच बुडतं. खंडाची कड समुद्री भूकवचाखाली ओढली गेली, की त्या कवचाचा एखादा तुकडा तिच्यावर चढून राहतो. ओमानमध्ये तसंच झालं.