बुडाशी काहीच छाप नसलेला काळा टीपॉट: खरंच जॅकफील्डचा, १७६० चा असेल का?

टेलफर्डकर:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये, श्रॉपशरमधल्या टेलफर्डला राहतो. शनिवारी एका चॅरिटी शॉपमध्ये (लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) हा टीपॉट दिसला. काळाभोर, चेहरा दिसेल इतका चकचकीत. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘जॅकफील्ड, अंदाजे १७६०’. जॅकफील्ड आमच्यापासून अगदी जवळ, सेव्हर्न नदीच्या काठी. घरी पाहुणे आले की तिथल्या टाइल म्युझियमला नेतोच, त्यामुळे मोह आवरला नाही.

बुडाशी नाव, शिक्का, ‘इंग्लंड’, काही म्हणजे काही नाही. फक्त केशरी रंगात ब्रशने ओढलेल्या दोन बारीक रेघा आहेत. अंगावर निळी-पांढरी फुलं आहेत आणि बोट फिरवलं तर ती हाताला लागतात. कानावर सोनेरी पट्टी आहे, धरायच्या जागी झिजलेली. झाकणाच्या आतल्या कडेचा एक टवका उडालाय, तिथे विटकरी लाल माती दिसते. पाणी भरून मोजलं तर सव्वा लिटर मावलं.

यावरून वय सांगता येईल का? आणि रोजच्या चहाला वापरला तर चालेल का?

गोदाकाठ:
एक गोष्ट नक्की. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव टाकावं लागायचं. तुमच्या टीपॉटवर ‘इंग्लंड’ नाही, म्हणजे तो त्याआधीचा. १७६० चा असायला हरकत नाही.

खापरवेडी:
टेलफर्डकर, तुम्ही पाणी भरून मोजलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक नुसता बुडाचा फोटो टाकतात. बुडावर काही नसेल तर बाकीचं सगळं भांडं बोलत असतं, ते ऐकायला हवं. मी बरीच वर्षं स्टोकला, म्हणजे स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या गावी राहतेय आणि या काळ्या भांड्यांवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोदाकाठ यांच्या मुद्द्याबद्दल. तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. इंग्लंडमध्येच विकायच्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती त्याने केली नव्हती. ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर भांडं साधारण १८९१ नंतरचं, एवढं म्हणता येतं. लिहिलेलं नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मुळात १८व्या शतकात स्टॅफर्डशायरचे बहुतेक कुंभार शिक्का मारतच नसत. वेजवूडसारखे थोडे अपवाद होते. माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनाही गिऱ्हाइकाला कारखान्याचं नाव कळायला नको असायचं, नाहीतर ते पुढच्या वेळी थेट तिथेच जाईल. त्यामुळे बिनशिक्क्याचं भांडं म्हणजे हलकं भांडं, असं अजिबात नाही.

आता तुमचा टीपॉट. मला पहिल्यांदा खटकला तो सव्वा लिटर. १७६० साली इंग्लंडमध्ये चहा भलता महाग होता. त्यावरचा कर पुढे वाढत वाढत ११९ टक्क्यांवर गेला. १७८४ च्या कायद्याने तो एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मग कुठे चहा सामान्य घरांत भरपूर शिरला. त्याआधीचे टीपॉट हातात घेतले तर खेळण्यातले वाटतात. पुष्कळांत अर्धा लिटरसुद्धा मावत नाही. मोठे अगदीच नव्हते असं नाही, पण घरच्या चहासाठी सव्वा लिटरचा काळा टीपॉट १७६० चा म्हणायला मी धजणार नाही.

दुसरी गोष्ट फुलांची. जुन्या काळ्या भांड्यांवर सोनं असायचं ते तेलात कालवून वरून लावलेलं. ते भट्टीत पक्कं केलेलं नसे, म्हणून आज बहुतेकांवर त्याची नुसती सावली उरलीय. उजेडात तिरकं धरलं तर एखादी वेल किंवा नाव दिसतं. नाहीतर मातीचीच उठावाची द्राक्षवेल चिकटवलेली असते. कान आणि तोटी झाडाच्या गाठाळ फांदीसारखी, खाली तीन छोटे पाय, झाकणावर पक्षी, हा त्यांचा थाट. हाताला लागणारी जाड इनॅमलची (काचेसारख्या रंगाची) फुलं आणि भट्टीत पक्कं केलेलं सोनं ही व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लोकांची आवड, १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्या दोन केशरी रेघा बहुधा रंगवणाऱ्या बाईची खूण असाव्यात. मजुरी नगावर मिळायची, म्हणून आपण रंगवलेले नग ओळखू यावेत यासाठी अशा खुणा करत.

राहिलं जॅकफील्ड. थर्सफील्ड घराणं तिथे १८व्या शतकात भांडी करत होतं, काळीसुद्धा, हे खरं. पण तशीच काळी भांडी स्टॅफर्डशायरमध्ये सर्रास होत होती. तिथल्या फेंटन व्हिव्हियनला थॉमस व्हील्डनच्या कारखान्याच्या जागी खणलं तेव्हा अशी खापरं निघाली आहेत. पुढे विक्रेत्यांनी चकचकीत काळ्या भांड्याला सरसकट जॅकफील्ड म्हणायला सुरुवात केली. चॅरिटी शॉपमधल्या माणसाने फसवायला लिहिलं असेल असं मुळीच नाही. हेच नाव सगळीकडे चालतं.

चाकावरची माती:
मी पुण्यात स्टुडिओ पॉटरी करते, इंग्लिश भांड्यांतलं फारसं कळत नाही, पण टीपॉट कसा घडवला हे ओळखता येईल. टॉर्च लावून आत बघा आणि भिंतीवरून बोट फिरवा. चाकावर ओढलेल्या भांड्यात आतून आडव्या, गोल फिरत वर जाणाऱ्या रेषा जाणवतात. साच्यात पातळ माती ओतून केलेलं असेल तर आतली भिंत सपाट लागते आणि साच्याचे भाग जुळतात तिथे बाहेरून उभी शिवण असते. स्पंजने पुसलेली असली तरी ग्लेझखाली (वरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाखाली) पुसट उंचवटा राहतो. सहसा तोटी आणि कान यांच्या रेषेत शोधा.

खापरवेडी:
अगदी बरोबर. फक्त एवढं लक्षात ठेवा की प्लास्टरचे साचे स्टॅफर्डशायरमध्ये १७४० च्या दशकातच आले होते, त्यामुळे नुसत्या शिवणीवरून वय काढू नये. बाकीच्या खुणांशी जुळतं का ते बघायचं. तोटीच्या मुळाशी आतून भोकं किती आहेत तेही मोजा. जुन्यात बहुधा मोजकीच आणि ओबडधोबड असतात.

टेलफर्डकर:
ताई, बघितलं सगळं. आतली भिंत सपाट आहे. तोटीखाली उभी शिवण लागते. भोकं पुष्कळ आहेत, एका मापाची, ओळीत. पाय नाहीत, बुडाला गोल कडं आहे. झाकणाची बोंडी साधी, पक्षी नाही. टवक्याजवळ माती जाड आहे, जवळजवळ माझ्या करंगळीच्या नखाएवढी. थोडं वाईट वाटलं, पण आता तो जास्त ओळखीचा झालाय. एका ठिकाणी वाचलं की राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये गेला, त्या दुखवट्यात असे काळे टीपॉट निघाले. तसं असेल का?

खापरवेडी:
निळी फुलं आणि सोन्याची पट्टी असलेला टीपॉट कोणी दुखवट्यासाठी घेईल का, तुम्हीच सांगा. ती गोष्ट विकायला सोपी म्हणून फिरते. तुमच्या भांड्यात तिचा काही पुरावा नाही.

सगळं एकाच दिशेला जातंय. माझं मत पक्कं आहे: व्हिक्टोरियन, साधारण १८७० ते १९०० मधला, बहुधा स्टॅफर्डशायरचा. कारखाना सांगायला जाऊ नका. असा माल किती तरी छोटे कारखाने करत होते, एकमेकांचे आकार उचलत होते, आणि लेखी पुरावा नसताना नाव चिकटवलं की पुढच्या माणसाची दिशाभूल होते. वाईट वाटून घेऊ नका. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईने हाताने रंगवलेली फुलं आहेत ती, नीट बघा, प्रत्येक पाकळीत ब्रश टेकवल्याची जागा दिसेल.

चहा रोज नको. त्या काळच्या ग्लेझमध्ये शिसं सर्रास असायचं. टवका उडालेल्या, केसासारख्या बारीक चिरा गेलेल्या भांड्यात उकळता चहा मुरवत ठेवणं बरं नव्हे, लिंबू घातलेला तर मुळीच नको. डिशवॉशर आणि ब्लीच टाळा, सोनं जाईल. कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसा.

खरे १८व्या शतकातले काळे टीपॉट बघायचे असतील तर हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियमला या. टेलफर्डहून फार लांब नाही. आणि चिठ्ठी फेकू नका, तिच्या मागे लिहून ठेवा: ‘जॅकफील्ड पद्धतीचा, बहुधा स्टॅफर्डशायर, १९व्या शतकाचा उत्तरार्ध’. झाकणाच्या खालच्या बाजूचा फोटो जमला तर टाका, तिथेही तशाच केशरी रेघा आहेत का बघायचंय. असतील तर झाकण मूळचंच असण्याची शक्यता वाढते.