क्लाइंबिंग ट्री स्टँड निवडताना आणि वापरताना काय पाहावे? (मिशिगन, धनुष्याने हरणाची शिकार)

लान्सिंगकर

सर्वांना नमस्कार. मी मूळचा सिंधुदुर्गातला असून गेली अकरा वर्षे मिशिगनमध्ये लान्सिंगजवळ राहतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. इथे मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि हंटर सेफ्टीचा अभ्यासक्रम यांच्या चौकटीत ती रीतसर चालते. शेजारच्या शेतकऱ्याने आग्रहाने शिकवल्यामुळे गेले दोन हंगाम मी त्याच्या मक्याच्या शेताच्या कडेला कापडी ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) कंपाउंड धनुष्य घेऊन बसलो. यंदा १ ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम सुरू झाला की राज्याच्या सार्वजनिक जंगलात जायचा विचार आहे. तिथे झाडाला खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकता येत नाहीत, म्हणून पाठीवर वाहून नेता येईल आणि त्याच दिवशी परत आणता येईल असा क्लाइंबिंग स्टँड (खोडावर आपल्यासोबत वर सरकवत नेऊन बसायची चौकट) घ्यावा, असे मनात आहे.

माझे वजन ८८ किलो आहे. पुढच्या बाजूला दांडी असलेला स्टँड घ्यावा की मोकळा, आणि किती उंच चढावे, हे मला ठरवता येत नाही. दुसरे असे की, कार्यालयातील एक सहकारी आपला बारा वर्षे वापरलेला स्टँड मला देऊ करत आहेत. त्यासोबत कमरेला बांधायचा एक पट्टाही आहे. तो पुरेल का? आणि पट्टा वर पोहोचल्यावर बांधायचा की चढतानाही, याबद्दल मला वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत.

रानवाट

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी तुम्ही झाडाला बांधलेले असले पाहिजे आणि पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत बांधलेलेच राहिले पाहिजे. पण कमरेच्या त्या पट्ट्याने नव्हे. एकाच पट्ट्यावर लटकलेला माणूस उलटा होतो, पट्टा वर सरकून छाती आवळतो आणि श्वास घेणे कठीण होते. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घ्या आणि तो नवाच घ्या. हार्नेसच्या पट्ट्या उन्हाने आणि वयाने कमकुवत होतात, त्यामुळे अनेक उत्पादक पाच वर्षांची मुदत लिहून देतात. एकदा पडण्याचा झटका बसलेला हार्नेस तर वरून धडधाकट दिसला तरी टाकून द्यावा लागतो.

आता स्टँडविषयी. त्याचे दोन भाग असतात, वरचा बसण्याचा (आसन) आणि खालचा उभे राहण्याचा (पायफळी). प्रत्येक भागाची केबल किंवा पट्टा खोडाला मागून वळसा घालतो आणि पुढची दातेरी पट्टी सालीत रुतते. तुमचे वजन चौकटीच्या बाहेरच्या बाजूला पडते, चौकट खाली झुकू पाहते आणि तेवढ्यानेच केबल मागून व दाते पुढून खोड आवळून धरतात. त्याला टिकवणारे दुसरे काहीही नसते. वजन उचलले की पकड सुटते. याच कारणाने तो वर चढवता येतो आणि याच कारणाने तो निसटूही शकतो. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढचे बरेचसे नियम आपोआप समजतात.

तुम्ही सिंधुदुर्गातले आहात, तेव्हा माडावर चढायचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. केरळातून आपल्याकडे आलेल्या त्या यंत्रातही तारेचे दोन वळसे आळीपाळीने वर सरकवतात. फरक खोडात आहे. बुडाचा फुगवटा सोडला तर माडाचे खोड वरपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचे असते, कारण ते ओकच्या खोडासारखे वर्षागणिक जाड होत जात नाही. ओक वर निमुळता होत जातो. त्यामुळे जमिनीवर पायफळी अगदी समपातळीत बसवून तुम्ही वीस फुटांवर गेलात, तर तिथे खोड बारीक झाल्याने केबलचा वळसा मोठा पडतो आणि फळीचे बाहेरचे टोक खाली कलते. म्हणून जमिनीवर बाहेरचे टोक मुद्दाम काही इंच उंच ठेवावे. झाड किती निमुळते आहे हे खालून निरखून अंदाज करावा लागतो आणि पहिल्या काही वेळा तो चुकतोच. चुकला तर वरच्या वर केबलची पिन काढून जुळवाजुळव करू नका. खाली उतरा, जुळवा आणि पुन्हा चढा. बसल्या जागी जुळवणी करता येईल अशा काही रचना आहेत, पण उत्पादकाच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो मार्ग आपला नाही.

बहुतेक स्टँडना सुमारे ८ ते २० इंच व्यासाचे, सरळ आणि खालच्या फांद्या नसलेले खोड लागते. तसे झाड तुमच्या जागेवर नसेल तर स्टँड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, म्हणून खरेदीपूर्वी जंगलात एक फेरी मारून या. वजनाची अडचण तुम्हाला येणार नाही. ८८ किलो म्हणजे सुमारे १९५ पौंड. कपडे, पिशवी आणि धनुष्य धरून २२५ पौंड होतील, आणि बाजारातले बरेचसे स्टँड ३०० पौंडांसाठी प्रमाणित असतात. स्वतः स्टँड साधारण २० पौंडांचा भरतो. दोन मैल चालायचे असेल तर ते वजन जाणवते, तरीही वजन वाचवण्यासाठी अगदी लहान पायफळीचा स्टँड पहिल्याच वर्षी घेऊ नये, असे माझे मत आहे. पुढे दांडी असलेल्या स्टँडमध्ये चढताना दांडीवर भार देऊन बसता येते आणि नवख्याला धीर येतो. मोकळ्या स्टँडमध्ये धनुष्याचे खालचे टोक कशाला अडकत नाही, पण चढायला हात आणि पोट यांची ताकद जास्त लागते. मी तुमच्या जागी असतो तर दांडीचा घेतला असता आणि नेम उभ्यानेच धरला असता.

उत्तरेचा वारा

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि माझ्याबाबतीत घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात दोन चुका होत्या आणि दोन्ही माझ्याच होत्या.

नोव्हेंबरची संध्याकाळ होती आणि दुपारपासून बर्फमिश्रित पाऊस पडत होता. अंधार पडल्यावर उतरायला लागलो तेव्हा झाडाभोवतीचा हार्नेसचा पट्टा गोठून कडक झाला होता आणि खाली सरकेना. बोटे बधिर झाली होती. पंधरा फुटांचाच प्रश्न आहे, असे म्हणून मी पट्टा सोडला. ही पहिली चूक. दुसरी चूक सकाळीच झाली होती. स्टँडचे वरचे आणि खालचे भाग एकमेकांना जोडणारी दोरी मी घाईत बांधलीच नव्हती. तिसऱ्या की चौथ्या पावलाला वजन आसनावर घेऊन पाय उचलले, पायफळी ओल्या सालीवरून सुटली आणि थेट बुंध्याशी जाऊन पडली. मी आसनाच्या दांडीला कोपरांनी धरून लोंबकळत राहिलो, पायाखाली काही नाही आणि अंगाला दोर नाही. माझा मित्र ठरलेल्या वेळी गाडीपाशी मी न दिसल्यामुळे शोधत आला, त्याने शिडी मिळवली आणि मी वाचलो. तोवर चाळीस मिनिटे गेली होती.

म्हणून मी हे कळकळीने लिहितो की, ती जोडदोरी तुमच्यासाठी हार्नेसच्या खालोखाल महत्त्वाची आहे. ती बांधलेली असती तर फळी फूट-दीड फुटावर थांबली असती आणि पायाच्या बोटांनी मला ती पुन्हा ओढून घेता आली असती. हार्नेसचा पट्टा चढताना नेहमी डोक्याच्या वर राहील असा सरकवत न्यायचा असतो. आधी पट्टा वर, मग आसन, मग पाय, हा क्रम मी आता कधीही मोडत नाही. वर बसल्यावर पट्टा इतका उंच बांधा की बसलेल्या स्थितीत दोरात ढील उरणार नाही. दोर तीन फूट सैल असेल तर तुम्ही आधी तीन फूट पडता आणि मग झटक्याने थांबता, आणि तोवर आसनही हाताच्या आवाक्याबाहेर जाते.

हार्नेसने पकडले म्हणजे सुटका झाली असेही नाही. मांड्यांच्या पट्ट्यांवर निश्चल लटकून राहिल्यास पायांतले रक्त वर येत नाही आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी हार्नेससोबत पायात अडकवायची एक फासदोरी येते. तिच्यावर पाय देऊन उभे राहायचे आणि पाय हलवत राहायचे. ती पिशवीत असेल तर तिचा काही उपयोग नाही, कारण पिशवी झाडाला टांगलेली असते. फासदोरी, फोन आणि शिटी या तिन्ही वस्तू अंगावरच्या खिशात असल्या पाहिजेत.

लान्सिंगकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. सहकाऱ्यांचा पट्टा नाकारला आहे आणि नव्या हार्नेसची मागणी नोंदवली आहे. मागच्या रविवारी जंगलात जाऊन आलो. हरणांची वाट जिथे ओढा ओलांडते तिथे सरळ खोडाची तीन झाडे आहेत. एक अ‍ॅश आहे, सुमारे १४ इंचांचा आणि खोडाने एकदम सरळ. दुसरा गुळगुळीत, राखाडी सालीचा बीच आहे. तिसरा लाल ओक थोडा मागे, उतारावर आहे. वाटेच्या दृष्टीने अ‍ॅशची जागा उत्तम आहे. आणि जुना स्टँड तरी घेता येईल का?

खोड आणि साल

माझे काम झाडांची निगा राखण्याचे असल्यामुळे झाडांपुरते लिहितो. अ‍ॅश सोडून द्या. एमरल्ड अ‍ॅश बोरर ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा ओळखली गेली ती २००२ साली, तुमच्याच राज्यात, डेट्रॉईटच्या परिसरात, आणि तेव्हापासून तिने कोट्यवधी अ‍ॅश मारले आहेत. तिच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाडाचा अन्नरस तुटतो. शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या असणे, सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक छिद्रे असणे आणि सुतार पक्ष्यांनी वरची साल काढल्यामुळे खोड फिकट दिसणे, ही ओळखीची चिन्हे आहेत. मेलेला अ‍ॅश फार लवकर ठिसूळ होतो. आम्ही स्वतः अशा झाडावर दोराने चढत नाही, बाहेरून यांत्रिक पाळणा लावतो. तुमचा अ‍ॅश अजून हिरवा असेल तरी मध्य मिशिगनमध्ये मी त्याच्यावर विश्वास टाकणार नाही.

बीचची साल गुळगुळीत असते आणि दाते तिच्यात नीट रुतत नाहीत, विशेषतः ओल असताना. शिवाय मिशिगनमध्ये बीचच्या सालीचा रोग पसरलेला आहे. सालीवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते झाड पाने असतानाही मधूनच मोडू शकते. शॅगबार्क हिकरी कुठे भेटली तर तीही नको, कारण तिच्या सालीचे लांब पापुद्रे सुटे असतात आणि दाते पापुद्र्यासकट निघतात.

राहिला लाल ओक. साल खडबडीत, लाकूड टणक. तिन्हींत तोच योग्य आहे आणि वाटेपासून थोडा मागे असणे हा दोष नाही. चढण्यापूर्वी वर पाहून वाळक्या फांद्या टिपा आणि बुंध्याशी अळंबी किंवा पोकळी नाही ना, ते पाहा. एक विनंती मात्र आहे. वसंतात सरावासाठी ओकवर चढू नका. ओक विल्ट या रोगाची बुरशी ताज्या जखमांवर येणाऱ्या भुंग्यांबरोबर पसरते, म्हणून मिशिगनमध्ये १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात ओकला जखम करू नये असे सांगितले जाते, आणि तुमच्या स्टँडचे दाते सालीला जखम करतातच. परसात मेपल असेल तर त्यावर सराव करा.

रानवाट

ओकबद्दल मीही सहमत आहे. उतारावरच्या झाडाला एक गोष्ट लक्षात ठेवा. वरच्या बाजूने येणारे हरीण तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊ शकते, म्हणून खोडाच्या कोणत्या बाजूला बसायचे ते वाट आणि वारा पाहून ठरवा. उंचीचे म्हणाल तर १५ ते २० फूट पुरे. त्याहून वर गेलात तर जवळच्या हरणावर बाण इतक्या तीव्र कोनाने उतरतो की दोन्ही फुप्फुसांतून जाण्याऐवजी एकाच फुप्फुसाला लागतो, आणि मग जखमी जनावर दूरवर जाऊन सापडत नाही. वीस फुटांच्या आत राहणे हे हरणासाठीही बरे आहे. बाण सोडताना हात खाली न झुकवता कमरेतून वाका. त्यासाठीही हार्नेसवर भरवसा ठेवता आला पाहिजे.

जुन्या स्टँडबाबत. केबलवर प्लास्टिकचे आवरण असेल तर त्याखालचा गंज दिसत नाही. आवरण फुगलेले किंवा चिरलेले असेल, केबलला मोड पडलेली असेल, किंवा मूळ पिनांऐवजी दुकानातले बोल्ट घातलेले असतील, तर तो घेऊ नका. पुस्तिका आणि जोडदोरी सोबत आहे का ते विचारा, आणि अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर ते मॉडेल परत मागवलेले आहे का ते पाहा. बारा वर्षे हा काळ मला जास्तच वाटतो. सहकाऱ्यांना वाईट वाटणार नसेल तर नवा घ्या.

सप्टेंबरमध्ये परसातल्या मेपलवर, कोणीतरी शेजारी उभे असताना, जमिनीपासून फूटभर उंचीवरच चार-पाच दिवस चढ-उतार करा. आसनावर बसायचे, पट्ट्यांत अडकवलेल्या बुटांनी फळी वर ओढायची, टाचांनी ती दाबून रुतवायची, मग उभे राहून आसन वर घ्यायचे; ही लय अंगात यावी लागते. त्याच उंचीवर हार्नेसमध्ये एकदा मुद्दाम लटकून पाहा आणि फासदोरीवर उभे राहून आसनावर परत येता येते का ते तपासा. नंतर हेच अंधारात, डोक्याला दिवा लावून करा, कारण मिशिगनमध्ये शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, म्हणजे तुमचे चढणे आणि उतरणे दोन्ही अंधारातच होणार.

धनुष्य कधीही हातात किंवा पाठीवर घेऊन चढू नका. बाण भात्यात झाकलेले ठेवा, धनुष्य जमिनीवर ठेवून त्याला दोरी बांधा आणि हार्नेसने खोडाला बांधून घेऊन बसल्यावर ते वर ओढा. उतरताना याच्या उलट. दोरीचे दुसरे टोक मनगटाला बांधू नका, स्टँडला बांधा. घरातून निघताना कोणत्या झाडावर बसणार आणि किती वाजता परतणार हे कागदावर लिहून द्या. १५ ते ३० नोव्हेंबर या बंदुकीच्या हंगामात तुम्ही धनुष्य घेऊन गेलात तरी नारिंगी टोपी किंवा जाकीट बाहेरून दिसेल असेच घालावे लागेल.

लान्सिंगकर

उद्या ओकच्या बुंध्याचा घेर मोजून येतो आणि मग स्टँड मागवतो. झाडाची जागा नकाशावर खूण करून पत्नीला दाखवली आहे. तिने परतीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर शेजाऱ्याला पाठवायचे ठरवले आहे.

उत्तरेचा वारा

शेजाऱ्याला एकदा दिवसाउजेडी त्या ओकपर्यंत घेऊन जा. माझ्या मित्राला माझे झाड माहीत होते, पण अंधारात तिथवर पोहोचायची वाट माहीत नव्हती, आणि त्या चाळीस मिनिटांतली बरीचशी तिथेच गेली.